अकोल्याची गाडी की परभणीची?

वाशीमचं रेल्वे स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर आहे. एका दिशेला निघालं की ऐंशीएक किलोमीटरवर अकोला. दुसऱ्या दिशेला पैनगंगेपलीकडे हिंगोली, वसमत, मग पूर्णा जंक्शन, आणि तिथून, बहुतेकदा गाडी बदलून, परभणी. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठं चारच. त्यांतली दोन या एका जिल्ह्याच्या दोन बाजूंना आहेत: अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. राहुरी आणि दापोली लांबच राहिल्या.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, पेरणीची धांदल सुरू असतानाच, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या बऱ्याच घरांत एक वेगळाच हिशेब मांडला जातो. सीईटीचा निकाल लागलेला असतो. डॉक्टरकीचा नाद सोडून दिलेला असतो किंवा तिथे नंबर लागलेला नसतो, इंजिनीअरिंगवरचा विश्वास थोडा उडालेला असतो, आणि 'बीएस्सी ॲग्री' हे नाव घरात वारंवार उच्चारलं जाऊ लागतं. मग ऑप्शन फॉर्म येतो. नेटकॅफेच्या काउंटरवर बसून महाविद्यालयांचा क्रम लावायचा असतो. मागे उभे असलेले वडील, काका, कुणीतरी ग्रामसेवक ओळखीचा, असे सगळे मिळून एकच प्रश्न विचारतात: चांगलं कुठलं, अकोला की परभणी?

प्रश्न साधा वाटतो, पण कागदावर त्याला उत्तरच नाही. पदवी दोन्हीकडे तीच. चार वर्षं, आठ सत्रं. अभ्यासक्रमाचा सांगाडा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अधिष्ठाता समितीने देशभरासाठी ठरवलेला, आणि राज्यातल्या चारही विद्यापीठांवर पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेची देखरेख. मृदाशास्त्र, कृषिविद्या, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, विस्तार शिक्षण हे सगळे विषय इथेही आहेत आणि तिथेही. सातव्या सत्रात गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करायचं, ज्याला विद्यार्थी 'रावे' म्हणतात आणि वर्तमानपत्रं 'कृषिदूत' व 'कृषिकन्या' अशा मथळ्यांखाली फोटो छापतात, तेही दोन्हीकडे. लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेच्या परीक्षेला बसताना पदवी अकोल्याची की परभणीची, याने एका गुणाचाही फरक पडत नाही.

तरीही वाशीमच्या बहुतेक मुलांचा कल आपोआप अकोल्याकडे झुकतो. या झुकण्यामागे विद्यापीठांची गुणवत्ता कमी आणि पैनगंगा जास्त आहे.

वाशीमहून हिंगोलीला जाताना कनेरगाव नाका लागतो. तिथून पुढे मराठवाडा. आज त्या नाक्यावर एसटी थांबते, चहा मिळतो, आणि दोन्ही बाजूंची माणसं एकाच बोलीत दोन-चार शब्दांचा फरक करून बोलतात. पण ही रेघ जुनी आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०२ च्या करारात ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याने दिलं गेलं, आणि वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. हिंगोली आणि परभणी निजामाच्या थेट राज्यात राहिली. म्हणजे कागदोपत्री मालक एकच, पण नदीच्या अलीकडे इंग्रजी कचेरी आणि पलीकडे हैदराबादची. वाशीम तेव्हा स्वतः जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून बराचसा अकोल्यात घातला गेला, आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. अकोल्याशी नव्वदेक वर्षांचा हा संसार असल्यामुळे कचेरीचं काम, दवाखाना, कापसाचा बाजार, मोठी खरेदी या सगळ्यासाठी वाशीमच्या माणसाचे पाय अकोल्याकडेच वळत आले. मुलाचं शिक्षणही त्याच वाटेने गेलं.

शेतीच्या शिक्षणाचा इतिहास या रेघेच्या दोन्ही बाजूंना वेगळा चालला. वऱ्हाड-नागपूरकडच्या मुलांना १९०६ पासून नागपूरचं कृषी महाविद्यालय होतं. निजामाने परभणीला १९१८ मध्ये मोठं प्रायोगिक क्षेत्र सुरू केलं, ज्वारी-कापसावर संशोधन होऊ लागलं, पण शेतीची पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे. परभणीत कृषी महाविद्यालय आलं ते १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचनेच्या उंबरठ्यावर. अकोल्याचं त्याच्या जेमतेम वर्षभर आधीचं. त्या अर्थी दोन्ही महाविद्यालयं पाठोपाठची भावंडं आहेत, फक्त एकाचा जन्म तेव्हाच्या मध्य प्रदेशात झाला आणि दुसऱ्याचा हैदराबाद राज्यात.

विद्यापीठं नंतर आली, आणि भांडून आली. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्येची विद्यापीठं उभी केली होती. शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत ते पोचवणं ही तिन्ही कामं एकाच छताखाली, हा त्यांचा घाट. भारताने तो उचलला आणि १९६० मध्ये पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ उघडलं. महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला. विद्यापीठ कुठे, यावरून विदर्भ पेटला. अकोल्यात त्याच वर्षी आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली. १९६८ मध्ये राहुरीचं विद्यापीठ स्थापन झालं, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला दुसरं. मग १८ मे १९७२ ला एकाच दिवशी परभणी आणि दापोली. म्हणजे विभाग चार आणि विद्यापीठंही चार. एखाद्या कुटुंबात जमिनीच्या वाटण्या कराव्यात तशी ही वाटणी झाली, आणि शेतीच्या वाटणीत होतं तेच इथेही झालं: बांध पक्का झाला. अकोल्याकडे विदर्भाचे अकरा जिल्हे, परभणीकडे मराठवाड्याचे आठ.

या चारही विद्यापीठांच्या जन्माच्या वेळी राज्याचा मुख्यमंत्री एकच होता, वसंतराव नाईक. त्यांचं गाव गहुली, पुसद तालुक्यातलं, म्हणजे वाशीमच्या मानोरा तालुक्याच्या शेजारचं. मानोऱ्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ, आणि नाईक त्या समाजाचे. त्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. हा दिवस राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो, आणि वाशीम जिल्ह्याचा वाढदिवसही त्याच तारखेला पडतो. जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०१३ मध्ये त्यांचं नाव एका कृषी विद्यापीठाला दिलं गेलं, ते अकोल्याच्या नव्हे, परभणीच्या. अकोल्याला आधीच पंजाबरावांचं नाव होतं, अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकऱ्याच्या मुलाचं, जो ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयावर डॉक्टरेट घेऊन आला आणि पुढे दहा वर्षं देशाचा कृषिमंत्री राहिला. तेव्हा मराठवाड्याच्या विद्यापीठावर पाटी आहे ती एका वऱ्हाडी माणसाचीच, आणि तीही वाशीमकरांच्या अगदी शेजारघरची. परभणीला 'तिकडचं' म्हणणाऱ्या मानोऱ्याच्या माणसाने हे एकदा लक्षात घ्यायला हरकत नाही.

आता नियमांकडे येऊ, कारण फॉर्म भरताना इतिहासापेक्षा नियम जास्त छळतात.

विदर्भ आणि मराठवाडा महाराष्ट्रात आले तेच मुळी अटी घालून. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने या भागांना शिक्षणाच्या सोयींत न्याय्य वाटा देण्याचं वचन दिलं, आणि घटनेच्या ३७१ (२) कलमात तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या समन्यायी सोयींचा उल्लेख आला. त्यातून प्रवेशाच्या जागा प्रादेशिक तत्त्वावर वाटण्याची रीत पडली. अभियांत्रिकीत आजही स्वायत्त शासकीय संस्था वगळल्या तर बहुतेक ठिकाणी ७० टक्के जागा 'होम युनिव्हर्सिटी'च्या, म्हणजे त्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असा हिशेब चालतो. कृषी विद्यापीठांच्या प्रवेशातही सत्तर-तीसचा हाच प्रादेशिक हिशेब वर्षानुवर्षं चालत आला. वैद्यकीय प्रवेशातला असाच कोटा मात्र सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मोडीत काढला. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयं कमी, त्यामुळे चांगले गुण असूनही तिथल्या मुलांवर अन्याय होतो, अशी तिकडची जुनी तक्रार होती. गंमत अशी की चार वर्षांनी, २०२४ मध्ये, वाशीम आणि हिंगोली या दोन्ही शेजाऱ्यांना एकदमच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. तिथे पैनगंगेचा बांध आता प्रवेशाच्या आड येत नाही.

या सत्तर-तीसच्या नियमात वाशीमच्या मुलांसाठी एक पेच आहे, आणि तो फार घरांना उशिरा कळतो. अभियांत्रिकीत 'होम' कुठलं हे घर कुठे आहे यावरून ठरत नाही. दहावी-बारावी महाराष्ट्रातच झालेल्या मुलाचं 'होम' तो बारावी कुठून उत्तीर्ण झाला त्यावरून ठरतं. वाशीम-रिसोडची कितीतरी मुलं दहावीनंतर अकरावी-बारावीसाठी अकोल्याला जातात, पण तितक्याच उत्साहाने नांदेड आणि लातूरलाही जातात. 'लातूर पॅटर्न'चं आकर्षण अजून ओसरलेलं नाही. सातबारा रिसोडचा, रेशनकार्ड रिसोडचं, मतदार यादीत आईवडील रिसोडचे, आणि मुलगा बारावी नांदेडहून झाला म्हणून अभियांत्रिकीच्या कागदावर तो स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा! अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयासाठी तो 'बाहेरचा'. दोन वर्षांपूर्वी खोली कुठे घ्यायची एवढंच ठरवलं होतं. त्यात विद्यापीठही ठरून गेलं होतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणून दरवर्षीची माहितीपुस्तिका हातात आल्यावर आधी महाविद्यालयांची यादी उघडण्याऐवजी पात्रतेचं आणि जागावाटपाचं प्रकरण वाचायला हवं. ते कंटाळवाणं असतं, पण फी भरण्याइतकंच महत्त्वाचं असतं. कृषीच्या प्रवेशात तर सातबारा नुसता उत्पन्नाचा पुरावा नसतो. शेतकरी कुटुंबातल्या उमेदवाराला गुणांकनात त्याच्या जोरावर अधिभार मिळत आला आहे. तलाठ्याकडचा कागद मेरिटमध्ये चार जागा वर नेतो, असा हा बहुधा एकमेव पदवी अभ्यासक्रम असावा.

साध्या बीए-बीएस्सीला असला प्रश्न पडतच नाही, कारण तिथे निवड जवळजवळ नसते. वाशीमचं महाविद्यालय १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला संलग्न, हिंगोलीचं १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या. मुलगा आपल्या गावाजवळच्या महाविद्यालयात जातो आणि ते ज्या विद्यापीठाच्या पदरी असेल त्याची पदवी घेऊन बाहेर पडतो. निवडीचा खरा प्रसंग येतो तो असा, व्यावसायिक अभ्यासक्रमात, आणि वाशीमसारख्या शेतीवरच्या जिल्ह्यात तो सर्वांत जिवंत असतो तो कृषीच्या प्रवेशात.

माणसांच्या डोक्यातली ही रेघ शेताने मात्र कधीच मानलेली नाही. वाशीमचा खरीप म्हणजे सोयाबीन. जबलपूरहून आलेल्या जेएस ३३५ ने इथे अनेक वर्षं राज्य केलं. त्यानंतर परभणीचं एमएयूएस ७१ आलं, १५८ आलं, १६२ आलं. या नावातली पहिली अक्षरं म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठच. अकोल्याच्या विद्यापीठाने अमरावतीच्या संशोधन केंद्रातून सुवर्ण सोया आणि पीडीकेव्ही अंबा दिलं. मधेच राहुरीच्या विद्यापीठाचं फुले संगम आणि फुले किमया सांगलीकडच्या कसबे डिग्रजहून येऊन बांधावर चर्चेत आलं. तुरीत बदनापूरच्या बीडीएन वाणांनी इथल्या शेतकऱ्याला लळा लावला. बदनापूर परभणीच्या विद्यापीठाचं. हरभऱ्यात जाकी ९२१८ घ्या: त्याच्या नावातच जबलपूर, अकोला आणि इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था एकत्र नांदतात. एकाच शेतकऱ्याच्या एका वर्षाच्या पिकात परभणीची तूर, अकोल्याचा हरभरा आणि राहुरीचं सोयाबीन असतं. बी घेताना तो विद्यापीठाचा प्रदेश विचारत नाही, उतारा विचारतो. मुलाच्या प्रवेशाच्या वेळीच त्याला विदर्भ-मराठवाडा आठवतो.

हळदीचंही तसंच. रिसोड-वाशीमची हळद विकायला हिंगोलीचं मार्केट जवळचं, आणि हळदीवर संशोधन व प्रशिक्षणासाठी वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं केंद्र उभं राहिलं आहे. या पट्ट्यातल्या हळद उत्पादकाच्या मुलाला परभणीचं विद्यापीठ आपल्या शेताशी जास्त संबंध असलेलं वाटलं, तर त्यात नवल नाही. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात चिया हे नवंच पीक पसरलं. सुरुवातीला ते विकायला लोक मध्य प्रदेशातल्या नीमचला जात. मग वाशीमच्या बाजार समितीत खरेदी सुरू झाली. आधी शेतकऱ्याने पेरलं, मग बाजार आला आणि शिफारशी त्याच्या मागून. विद्यापीठं नेहमीच पुढे असतात असा समज करून घेऊन तिथे जाणाऱ्या मुलाने हा क्रमही पाहून ठेवावा.

मग फरक कुठे आहे? आहे, पण तो पदवीच्या नावात नाही, आवारात आहे.

अकोल्याच्या आवारात कृषी महाविद्यालयाबरोबर उद्यानविद्या, वनविद्या आणि कृषी अभियांत्रिकी आहे. या अभियंत्यांनी बनवलेली पीकेव्ही मिनी दाल मिल हे विदर्भातल्या कित्येक बचत गटांच्या कमाईचं साधन झालं. विद्यापीठात कोरडवाहू शेतीवर दीर्घकाळ काम झालं, आणि अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचा प्रश्न तर या विद्यापीठाच्या दारातच आहे. ज्याला जमीन, पाणी, अवजारं यांत रस आहे त्याला अकोल्यात प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही.

परभणीत एक गोष्ट अशी आहे की जी वाशीमच्या ऑप्शन फॉर्ममध्ये पुष्कळदा दुर्लक्षित राहते: अन्नतंत्र महाविद्यालय. १९७६ पासून ते चालू आहे. शेतमाल पिकवण्यापेक्षा त्याच्यावर प्रक्रिया करण्यात ज्याला भविष्य दिसतं, त्याच्यासाठी हे नाव मोठं आहे. तिथेच सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, ज्याला पूर्वी गृहविज्ञान म्हणत, आणि राज्यातल्या कृषी विद्यापीठांत ते एकट्या परभणीतच आहे. इक्रिसॅटबरोबर परभणीने तयार केलेली 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्ताचं प्रमाण जास्त असलेली ज्वारी २०१८ मध्ये आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय प्रकल्पातून यंत्रमानव आणि ड्रोन यांच्यावर आधारलेल्या डिजिटल शेतीचं कामही इथे उभं राहिलं. सोयाबीन पिकवणाऱ्या पण सोयाबीनचं फारसं काही न बनवणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलाने अन्नतंत्राचा रकाना रिकामा सोडावा, हे न पटण्यासारखं आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी नेटकॅफेत कुणी सांगत नाही. फॉर्ममध्ये 'अकोला' आणि 'परभणी' अशा दोन ओळी नसतात. असतात ती महाविद्यालयं, आणि त्यांतली बहुसंख्य खासगी, विनाअनुदानित, विद्यापीठाला फक्त संलग्न. विद्यापीठाची स्वतःची, म्हणजे घटक महाविद्यालयं, मोजकी. अकोल्याच्या विद्यापीठाकडे अकोला आणि नागपूरबरोबर गडचिरोली, चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल, यवतमाळचं जैवतंत्रज्ञान महाविद्यालय. परभणीच्या विद्यापीठाकडे परभणीबरोबर लातूर, बदनापूर, अंबाजोगाई, धाराशिव आणि हिंगोली जिल्ह्यातलं गोळेगाव. संलग्न असूनही जुनं आणि अनुदानित असलेलं अमरावतीचं श्री शिवाजी कृषी महाविद्यालय हा अपवाद. ते पंजाबरावांनीच स्थापन केलेल्या संस्थेचं.

घटक महाविद्यालय आणि नवं विनाअनुदानित महाविद्यालय यांतलं अंतर अकोला आणि परभणी यांच्यातल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं आहे. एकीकडे मोठी प्रक्षेत्रं, ग्रंथालय, संशोधन प्रकल्प, एमएस्सी-पीएचडी करणारे सीनियर आणि शासनाची फी. दुसरीकडे अनेकदा एक इमारत, करारावरचे शिक्षक, नियमापुरती जमीन आणि चढी फी. सगळी खासगी महाविद्यालयं अशीच असतात असं नाही. काही मन लावून चालवली जातात. पण 'अकोला विद्यापीठ' या दोन शब्दांवर भाळून शंभर किलोमीटरवरचं कुठलं तरी नवं महाविद्यालय वरच्या क्रमाला टाकणाऱ्या आणि गोळेगाव किंवा बदनापूर 'मराठवाड्यातलं' म्हणून खाली ढकलणाऱ्या घराची अडचण नावाशी आहे, शिक्षणाशी नाही. पदवीदान समारंभात कुलगुरूंची सही सगळ्यांच्या कागदावर सारखीच असते. चार वर्षं मात्र एका विशिष्ट शेतात, एका विशिष्ट प्रयोगशाळेत आणि एका विशिष्ट वसतिगृहात काढायची असतात.

घटक महाविद्यालयांतही सगळं आलबेल आहे असं समजू नये. चारही कृषी विद्यापीठांत शिक्षक आणि शास्त्रज्ञांची पदं मोठ्या संख्येने रिकामी आहेत, आणि हे दुखणं जुनं आहे. एकेका माणसाकडे तीन-तीन जबाबदाऱ्या असतात. फॉर्म भरण्याआधी त्या महाविद्यालयातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला फोन करून एवढंच विचारावं की प्रात्यक्षिकं खरंच होतात का, आणि कुठल्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक नाही. गावातला एखादा तरी मुलगा तिथे असतोच.

पैशाचं गणित मुलींच्या बाबतीत अलीकडे बदललं आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. अनुसूचित जातीच्या, वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी 'स्वाधार' आहे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि त्या योजनेला नाव पुन्हा डॉ. पंजाबराव देशमुखांचंच. परभणीत शिकणाऱ्या वाशीमच्या मुलालाही तो त्यांच्याच नावाने मिळतो. तरीही मुलीच्या बाबतीत निर्णय फीवर होत नाही. तो शनिवारी संध्याकाळी निघून रात्रीच्या आत घरी पोचता येतं का, यावर होतो. इथे अकोला सरळ जिंकतं. २००८ मध्ये मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आल्यापासून रेल्वेनेही, आणि रस्त्याने तर आधीपासूनच. परभणीचा रस्ता हिंगोलीवरून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो, आणि रेल्वेने बहुतेकदा पूर्ण्याला गाडी बदलावी लागते. आईला ही गाडी बदलणं मान्य नसतं. तिच्या या आक्षेपाला कुठल्याही क्रमवारीत रकाना नसला, तरी बहुतेक फॉर्म त्यावरच भरले जातात.

दोन्ही आवारांत एक समान दृश्य आहे, आणि ते फारसं शेतीचं नाही. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात आणि टेबलांवर कीटकशास्त्राऐवजी राज्यशास्त्र, चालू घडामोडी आणि अंकगणित उघडलेलं असतं. कृषी पदवीधरांनी राज्य सेवेत मोठी मजल मारली, आणि त्यामुळे 'ॲग्री' हा स्पर्धा परीक्षेचा राजरस्ता आहे असं गावोगावी पक्कं बसलं. अनेक मुलं विद्यापीठ निवडतात ते पिकाकडे पाहून नव्हे, तर आपल्या गावचा कुणी सीनियर तिथून तहसीलदार झाला का, हे पाहून. हे चुकीचं म्हणता येणार नाही. ज्या घराने दोन-तीन वर्षं पडलेले सोयाबीनचे भाव पाहिलेत, त्याने मुलाला शेतीचं शिक्षण शेतीतून बाहेर पडण्यासाठी द्यावं, यात तर्क आहे. पण या हेतूने जाणाऱ्याला अकोला-परभणी हा वाद आणखीच निरर्थक ठरतो. त्याला हवी अभ्यासिका, सोबत आणि शांत खोली, आणि ती दोन्हीकडे आहे.

अमेरिकेतही ही कोंडी ओळखीची आहे. कॅन्सससारख्या राज्यात एक सर्वसाधारण सरकारी विद्यापीठ आणि एक मॉरिल कायद्यातून आलेलं शेतीचं सरकारी विद्यापीठ, असा शेजार असतो, आणि शेतकऱ्यांची मुलं त्यांच्यात निवड करतात. तिथे निवडीआधी आवार फिरून पाहण्याची पद्धत इतकी रुळली आहे की विद्यापीठं त्यासाठी वेगळे दिवस राखतात. आपल्याकडे वडील मुलीसाठी स्थळ पाहायला चार गावं फिरतील, पण जिथे ती चार वर्षं राहणार ते वसतिगृह प्रवेशाच्या दिवशीच पहिल्यांदा पाहतील.

खरं तर वाशीमच्या शेतकऱ्याला ही दोन्ही आवारं परकी नाहीत. परभणीला १८ मे ला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, खरीप मेळावा भरतो आणि बियाण्यासाठी रांगा लागतात. अकोल्याची शिवार फेरी अलीकडच्या वर्षांत सप्टेंबरच्या उत्तरार्धात असते, आणि डिसेंबरअखेर पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास कृषी प्रदर्शन असतं. रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राशी संबंध असलेले शेतकरी तर या फेऱ्या चुकवत नाहीत. गाड्या भरून माणसं जातात, वाण पाहतात, पिशवी घेऊन येतात. त्या गाडीत बारावीच्या पोराला किंवा पोरीला बसवायचं एवढंच राहून जातं. परभणीचा मेळावा सोयीचा पडतो, कारण तोवर सीईटी आटोपत आलेली असते आणि ऑप्शन फॉर्म अजून उघडलेला नसतो. बियाण्याची रांग वडिलांनी धरावी आणि मुलीने तेवढ्यात अन्नतंत्र महाविद्यालय आणि मुलींचं वसतिगृह पाहून यावं. अकोल्याची शिवार फेरी मात्र प्रवेश उरकल्यानंतर येते. ती पाहायची तर आदल्या वर्षीच जावं लागेल.